बागेच्या कडेला दगडी नक्षीचे ब्लॉक बसवताना

काँक्रीटचे दगडी नक्षीवाले ब्लॉक वाफ्याला छान दिसतात, पण नुसते मातीत खोचले तर पहिल्याच पावसाळ्यात वाकडे होतात. काळी माती असेल तर हमखास, कारण ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. म्हणून चर जरा खोल घ्या, तळाला १०० मिमी मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोका, त्यावर ७५ मिमी काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १:४:८). काँक्रीट ओले असतानाच दोरीला धरून ब्लॉक ठेवा आणि रबरी हातोड्याने बसवा; लोखंडी हातोड्याने नक्षीचे टवके उडतात. उंचीचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत जाऊ द्या.

खरी ताकद मात्र मागच्या बाजूला असते. तिथे ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीटचा उतरता टेकू द्या. गाडीचे चाक लागणार असेल तर हे टाळूच नका. दर दीड मीटरला एक सांधा मोकळा ठेवा, नाहीतर वाफ्यात पाणी तुंबते. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा.

खरेदीआधी तुटका तुकडा मागून पाहा: रंग आतपर्यंत हवा. वरवरचा असेल तर टवका उडाला की राखाडी सिमेंट दिसते.