मेमरी चिपवर पेस्ट फासू नका बाबांनो

महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतं, "दादा, व्हिडिओ बघून थर्मल पेस्ट बदलली, आता आधीपेक्षा जास्त तापतोय". आत काय असणार ते मला स्क्रू काढायच्या आधीच माहीत असतं. सीपीयू-जीपीयूवर (प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप) पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंकला पोचवणारा लेप, ठीकाय, पण आजूबाजूच्या मेमरी चिपवरही तीच पेस्ट, चपातीला तूप लावावं तशी.

अरे, जीपीयूभोवतीच्या त्या काळ्या चौकोनी चिप हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीत. जीपीयूचा डाय (मधला उघडा चकचकीत तुकडा) थेट टेकतो, मेमरीवर मात्र अर्धा-एक, कधी दीड मिलिमीटर फट राहते, आणि ती भरायला कंपनीने रबरासारखा मऊ पॅड नाहीतर पुट्टी लावलेली असते (ती करडी, मळलेल्या कणकेसारखी चिकट गोष्ट). पेस्ट अगदी पातळ थरासाठी असते, एवढ्या फटीत ती टिकत नाही, मध्ये हवा राहते. वर बऱ्याच लॅपटॉपात मेमरीचं तापमान कुठे दिसतही नाही, जीपीयू 65 अंश दाखवतो म्हणून पोरगं खूश, आणि अर्ध्या तासाने स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचायला लागतात.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. लॉकडाऊनमध्ये मावसभावाचा गेमिंग लॅपटॉप उघडला, जुने पॅड हात लावताच चुरा झाले, मोजायचं डोक्यातच आलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून कधीतरी आणलेली दीड मिमीची शीट घरात पडून होती, तीच कापून लावली, म्हटलं जाड असलेलं बरंच. गेम लावला तर तीन मिनिटांत जीपीयू 87 अंशांवर आणि फ्रेम धाडकन खाली. शिव्या घातल्या पेस्टला. दोनदा उघडून पेस्ट बदलली, दोन्ही वेळा घाईघाईत, न बघताच पुसली. तिसऱ्यांदा हीटसिंक उलटं करून लाइटखाली धरलं तेव्हा कळलं, डायवर मी घातलेली पेस्टची फुली जशीच्या तशी, फक्त मध्ये जरा दबलेली. जाड पॅडनी हीटसिंक वरच उचलून धरलं होतं! 1 मिमीचे लावले आणि गाडी 74 वर आली.

तेव्हापासून पुसायच्या आधी फोटो, आणि जुन्या पॅडची न दबलेली कड व्हर्नियरने मोजायची. मोजण्यासारखं काही उरलंच नसेल तर मी सरळ पुट्टी वापरतो, ती दबून हवी तेवढी जाडी घेते. 14 बाय 12 मिमीच्या चिपला वाटाण्याएवढी गोळी पुरते. एकदा हीटसिंक बसवून, स्क्रू आवळून परत उचलायचं, प्रत्येक चिपवर ठसा दिसला पाहिजे. हो, लावलेलं पुन्हा काढायचं. कंटाळा येत असेल तर लॅपटॉप उघडूच नका.

बाकीचं पटापट. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, स्विच ऑफ केलं म्हणजे झालं असं नाही. हीटसिंकवर 1, 2, 3, 4 आकडे कोरलेले असतात ते शोभेला नाहीत, त्याच क्रमाने थोडं थोडं आवळा, काढताना उलट्या क्रमाने. जुनी पुट्टी स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, शेजारचा तिळाएवढा कपॅसिटर उडाला की शोधत बसाल, मी जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरतो. सॅनिटायझरने पुसू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, 99 टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा.

आणि सीपीयूवर पाऱ्यासारखं चकचकीत काही दिसलं तर थांबा, ते लिक्विड मेटल आहे. त्यातून वीज वाहते आणि ते ॲल्युमिनियम खातं. तिथे कापसाची काडी फिरवत बसू नका, झाकण लावा आणि ज्याने हे आधी केलंय त्याच्याकडे न्या.