कार्ड घेण्याआधी कॅबिनेट मोजा

गेल्या दिवाळीत भाच्याच्या पीसीत आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवलं. तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून १२ जीबी मेमरीचंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निघण्याआधी त्याला टेप दिली, कॅबिनेट आतून मोजायला लावलं. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत जागा भरली २७ सेंटिमीटर. तीन पंख्यांची लांबलचक कार्डं तिथेच बाद झाली.

खरी काळजी पॉवर सप्लायची घ्या. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, पॉवर सप्लायच्या आठ पिनांच्या केबलमधून आणखी १५०. ३०६०ला १७० लागतात, म्हणजे केबल हवीच. या कार्डाची कंपनी एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. तुमचा सप्लाय जुना, बिननावाचा असेल तर आधी तो बदला. कार्ड महिनाभर थांबेल.

बसवताना प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्डाच्या जागेसमोरच्या, कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या काढा. सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्ये कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देत ‘टक्’ होईपर्यंत बसवा, मग स्क्रू, मग कार्डाची आठ पिनांची केबल. सीपीयूची आठ पिनांची केबल दिसायला तशीच, पण जोडणी वेगळी असते. ती जबरदस्तीने घुसवू नका, फार नुकसान होतं.

मॉनिटरची वायर कार्डालाच लावा. भाच्याने ती मदरबोर्डला ठेवली होती, आणि काळा पडदा पाहून त्याचा चेहराच उतरला. वायर बदलली, पडदा उजळला, मग ड्रायव्हर टाकला.