आपत्तीनंतर व्यवसाय लवकर उभा राहण्यासाठी : जुन्या डेटाचे अर्काइव्हिंग कसे करावे

ज्या व्यवसायाची बिले, साठा आणि येणी-देणी एकाच डेटाबेसमध्ये आहेत, त्याच्यापुढे आपत्तीच्या दिवशी दोन प्रश्न उभे राहतात : पहिले बिल पुन्हा कधी निघेल आणि मधल्या किती कामाच्या नोंदी गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा असंख्य व्यापाऱ्यांना हे प्रश्न खरोखरच पडले. सर्व्हरच्या डिस्कमधील बिघाड किंवा फाइली कुलूपबंद करणारा रॅन्समवेअर यांमुळे ते पूर नसतानाही पडतात. ‘आमचा बॅकअप आहे’ हे उत्तर अपुरे आहे, कारण बहुतेक ठिकाणी तो बॅकअप म्हणजे दहा-बारा वर्षांच्या व्यवहारांचा एकच मोठा गठ्ठा असतो आणि उद्याचे बिल काढण्यासाठी त्यातला फार थोडा भाग लागत असला तरी सगळा गठ्ठा परत आणल्याशिवाय काहीच सुरू होत नाही.

याचा हिशेब आधी करून पाहावा. समजा बॅकअप ५०० जीबीचा आहे, तो क्लाउडवर आहे आणि कार्यालयाची इंटरनेट जोडणी १०० एमबीपीएसची आहे. जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात, म्हणजे फाइल नुसती हातात यायलाच अकरा तासांहून अधिक वेळ जातो. त्यानंतर टेबले भरणे आणि इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूची, पुन्हा बांधणे हे काम वेगळेच. बंद झालेली आर्थिक वर्षे बाजूला काढून रोजचा भाग ६० जीबीवर आणला, तर उतरवण्याचा वेळ सुमारे ८० मिनिटांवर येतो. जुना डेटा बाजूला काढण्याने डिस्कची जागा वाचते, अहवालही लवकर निघतात. पण माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे मोल हे आहे की आपत्तीनंतरची पुनर्स्थापना दोन टप्प्यांत करता येते. आधी चालू कामकाज उभे करायचे आणि जुने अभिलेख नंतर सवडीने जोडायचे.

अर्काइव्ह आणि बॅकअप यांतला फरक

बॅकअप ही चालू डेटाबेसची प्रत असते आणि ती ठरावीक मुदतीनंतर, तीस किंवा नव्वद दिवसांनी, नव्या प्रतीला जागा देऊन पुसली जाते. अर्काइव्ह म्हणजे चालू डेटाबेसमधून कायमचा बाहेर काढलेला आणि अनेक वर्षे जसाच्या तसा राखायचा डेटा. हा फरक नीट न समजल्यामुळे होणारे नुकसान सावकाश घडते, म्हणून ते लक्षात येत नाही. मार्चमध्ये जुनी वर्षे अर्काइव्ह करून मूळ डेटाबेसमधून काढून टाकली, की जून संपेपर्यंत त्या नोंदी असलेला शेवटचा बॅकअपही नव्वद दिवसांच्या फिरत्या क्रमात पुसला जातो. त्या दिवसापासून अर्काइव्ह हीच एकमेव मूळ प्रत उरते. म्हणून अर्काइव्हलाही स्वतःच्या किमान दोन प्रती हव्यात, त्यांपैकी एक वेगळ्या गावी हवी, आणि हे ठरल्याशिवाय मूळ डेटाबेसमधली एकही ओळ काढू नये.

काय काढावे आणि केव्हा

कोणती नोंद किती वर्षे राखायची हे संगणक विभागाने एकट्याने ठरवू नये. सनदी लेखापाल आणि लेखा विभाग यांच्याबरोबर बसून ठरवावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे राखावी लागतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. २०२३-२४ चे उदाहरण घेतले, तर जीएसटीच्या हिशेबाने ही मुदत ३१ डिसेंबर २०३० ला संपते, परंतु कंपनी कायद्याच्या हिशेबाने ती ३१ मार्च २०३२ पर्यंत जाते. अशा वेळी लांबची तारीख धरावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून व्यवहारांबरोबर ही बदल-नोंदही अर्काइव्हमध्ये गेलीच पाहिजे. ती स्वतंत्र टेबलात असल्यामुळे अनेकदा मागे राहून जाते. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम कंपन्यांना लागू आहे, तेव्हा क्लाउडचा प्रदेश, म्हणजे डेटा प्रत्यक्ष कोणत्या देशातील केंद्रात राहील ते, निवडताना त्याचे भान ठेवावे.

वर्ष संपले म्हणजे लगेच ते अर्काइव्ह करता येते असे नाही. मागील आर्थिक वर्षाच्या क्रेडिट नोट आणि इनपुट टॅक्स क्रेडिट यांची दुरुस्ती सर्वसाधारणपणे ३० नोव्हेंबरपर्यंत चालते आणि वार्षिक विवरणपत्राची देय तारीख ३१ डिसेंबर असते. म्हणून हे काम जानेवारीत हाती घ्यावे आणि त्या वेळी चालू वर्ष व त्याआधीचे एक वर्ष डेटाबेसमध्ये ठेवून त्यामागची वर्षे बाहेर काढावीत. मात्र नुसती तारीख पाहून काढू नये. ज्या बिलाचे पैसे अजून यायचे आहेत, ज्या मालाची वॉरंटी चालू आहे किंवा ज्या व्यवहारावर कर विभागाची नोटीस वा न्यायालयीन दावा आहे, त्यांच्या नोंदी कितीही जुन्या असल्या तरी मागे ठेवाव्यात. त्यासाठी बिलाच्या टेबलात ‘रोखून ठेवा’ असा एक रकाना असावा आणि तो भरण्याचा अधिकार लेखा विभागाकडे द्यावा.

प्रत्यक्ष कृती

येथे पोस्टग्रेस डेटाबेसवर स्वतःची प्रणाली चालवणाऱ्या वितरकाचे उदाहरण घेतले आहे. तयार लेखा सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी टेबलांना थेट हात लावू नये. टॅलीप्राइमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचा डेटा वर्षानुसार विभागण्याची सोय असते, तीच वापरावी.

बिलांचे टेबल आर्थिक वर्षानुसार पार्टिशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांत, विभागलेले असेल, तर काम सोपे होते. लाखो ओळी एकेक करून डिलीट केल्या तर डेटाबेसवर ताण येतो आणि डिस्कवरची जागाही लगेच मोकळी होत नाही. पार्टिशन मात्र एका आज्ञेने मूळ टेबलापासून सुटे होते. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून हे सुटे करणे कामकाज चालू असतानाही करता येते. फक्त डीफॉल्ट पार्टिशन (कोणत्याच वर्षात न बसणाऱ्या ओळींसाठीचा तुकडा) ठेवलेले असेल तर ही सोय चालत नाही. अडचण बहुधा बिलाच्या तपशिलात येते. बिलाच्या टेबलात तारीख असते, पण त्यातील मालाच्या ओळींच्या टेबलात फक्त बिल क्रमांक असतो आणि त्यामुळे त्या टेबलाला वर्षानुसार विभागताच येत नाही. अशा ठिकाणी आधी ओळींच्या टेबलातही बिलाची तारीख भरून घ्यावी, मग दोन्ही टेबले सारखी विभागावीत, आणि सुटे करताना आधी ओळी सुट्या कराव्यात, त्या सुट्या टेबलावर उरलेली फॉरेन की (ओळींना त्यांच्या बिलाशी बांधणारा नियम) काढावी व नंतर बिले सुटी करावीत, असा क्रम पाळावा. नाहीतर ही फॉरेन की आज्ञा अडवून धरते.

सुट्या केलेल्या टेबलांबरोबर ग्राहक, माल, एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) आणि कराचे दर यांच्या मास्टर टेबलांची त्या दिवशीची प्रतही घ्यावी. मास्टर चालू डेटाबेसमध्येही राहतातच, पण ते बदलत राहतात. पाच वर्षांनी जुने बिल उघडले आणि ग्राहकाचा पत्ता नवा दिसला, तर तो अभिलेख पुरावा म्हणून लंगडा पडतो.

निर्यात पीजी-डंप या पोस्टग्रेसच्याच निर्यात-साधनाने करावी, डेटा डिरेक्टरीच्या (डेटाबेस स्वतःचा डेटा जेथे साठवतो त्या फोल्डरच्या) फाइली उचलून नव्हे, कारण त्या फाइली फक्त त्याच मुख्य आवृत्तीत उघडतात आणि आठ वर्षांत आवृत्ती नक्की बदललेली असते. जोडीला प्रत्येक टेबलाची साधी सीएसव्ही फाइल आणि कोणता रकाना काय सांगतो याचे मराठीत लिहिलेले एक पान ठेवावे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, काढून तो नोंदवहीत लिहावा.

यानंतरची पडताळणी ही या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. दुसऱ्या संगणकावर रिकामा डेटाबेस तयार करून त्यात अर्काइव्ह भरावा आणि महिनावार बिलांची संख्या, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी व आयजीएसटी यांच्या बेरजा मूळ डेटाबेसशी ताडून पाहाव्यात. त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्रातील आकड्यांशीही त्या जुळवाव्यात. नुसत्या ओळी मोजून समाधान मानू नये. ओळी बरोबर असूनही दशांशाचा रकाना चुकीच्या प्रकारात गेला, तर रकमेतले पैसे गळालेले असतात. बेरजा जुळल्या, अर्काइव्हच्या दोन्ही प्रती आपापल्या जागी पोहोचल्या आणि सुटे केलेले टेबल आणखी एक महिना तसेच राहू दिले, तरच ते काढून टाकावे.

मराठी मजकुराची एक खास काळजी

महाराष्ट्रातील जुन्या प्रणालींमध्ये ग्राहकांची नावे आणि पत्ते श्रीलिपी किंवा आयएसएम यांच्या, युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षर-पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये भरलेले आढळतात. अशा नोंदीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात व फक्त तो फॉन्ट लावल्यावर ती देवनागरी दिसतात. फॉन्ट गेला की नाव गेले. म्हणून अर्काइव्ह करतानाच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, पण मूळ रकानाही न बदलता शेजारी ठेवावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार चुकू शकतात. रूपांतरानंतर कृष्णा, वाशिष्ठी, कर्णिक, क्षीरसागर, ज्ञानेश्वर असे शब्द डोळ्यांनी तपासून पाहावेत. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी निर्यातीत कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८-एमबी-४ असल्याची खात्री करावी. चुकीच्या सेटमधून गेलेल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि त्यावर कोणताही इलाज नसतो.

कोठे ठेवावे

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली, आणि ज्या ग्राहकांचा सर्व्हर व बॅकअप तेथेच होता, त्यांचे दोन्ही एकाच वेळी गेले. आपल्याकडे हाच विचार नदीखोऱ्याच्या अंगाने करावा. सांगलीच्या कार्यालयाची दुसरी प्रत कोल्हापूरच्या शाखेत ठेवणे पुरेसे नाही, कारण दोन्ही शहरे एकाच पुरात सापडू शकतात. एक प्रत कार्यालयात वरच्या मजल्यावर आणि दुसरी दूरच्या शहरात किंवा क्लाउडच्या भारतातील प्रदेशात ठेवावी. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉकची सोय ‘कम्प्लायन्स’ प्रकारात चालू करावी, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ती फाइल कोणालाही पुसता वा बदलता येत नाही आणि रॅन्समवेअर तेथवर पोहोचला तरी प्रत शाबूत राहते.

स्वस्त साठवणीची एक बाजू योजनेत लिहून ठेवावी. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काइव्ह या स्वस्त क्लाउड साठवणीतून फाइल मागितल्यावर नेहमीच्या पद्धतीने ती मिळायला १२ तासांपर्यंत आणि सर्वांत स्वस्त पद्धतीने ४८ तासांपर्यंत वेळ लागतो. आठ वर्षांपूर्वीच्या बिलासाठी हे चालते. परंतु मागच्या दोन-तीन वर्षांचा अर्काइव्ह मात्र लगेच मिळणाऱ्या साठवणीत असावा. फाइली एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, कराव्यातच, पण त्यांची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नये. ती छापील स्वरूपात बंद पाकिटात, एक संचालकांकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, अशी ठेवावी.

आपत्तीच्या दिवसाचा क्रम आणि सराव

पुनर्स्थापनेचा क्रम कागदावर छापून ठेवावा : आधी मास्टर, मग साठ्याची शिल्लक आणि येणी-देणी, मग चालू व मागील वर्षाचे व्यवहार. एवढे झाले की बिले काढणे सुरू करावे. जुन्या वर्षांची अखेरची शिल्लक अर्काइव्ह करतानाच पुढे ओढलेली असेल, तर अर्काइव्ह जोडला नसतानाही ग्राहकाचे खाते बरोबर दिसते; ती ओढलेली नसेल, तर टप्प्याटप्प्याने उभे राहण्याची ही सगळी योजनाच कोसळते.

सराव न झालेल्या योजनेचे काय होते, हे प्रोग्रामरांचा कोड ऑनलाइन साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेनंतर स्वतः जाहीरपणे सांगितले. मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, आणि मग लक्षात आले की सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा असताना पीजी-डंप ९.२ चा चालत होता, त्यामुळे रोजचे बॅकअप निघतच नव्हते, आणि अपयशाचे ईमेलही नाकारले जात होते. अखेर सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीवरून) काम पुन्हा उभे करावे लागले.

म्हणून दर तिमाहीत एकदा, आणि त्यातला एक सराव पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात, असे ठरवून टाकावे. या सरावात अर्काइव्हलाही धरावे : लेखा विभागाने एखाद्या जुन्या वर्षातील एका ग्राहकाचे कोणतेही एक बिल मागावे, ज्याने अर्काइव्ह तयार केला नाही अशा कर्मचाऱ्याने केवळ छापील सूचना वाचून ते काढून द्यावे, आणि लागलेला वेळ नोंदवहीत लिहावा. त्याच दिवशी चेकसम पुन्हा काढून पूर्वीच्या आकड्यांशी ताडावेत आणि साठवणीचे साधन अजून वाचता येते की नाही हेही पाहावे. टेप वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एलटीओ या डेटा-टेपच्या प्रकारात आठव्या पिढीची, म्हणजे एलटीओ-८ ची ड्राइव्ह फक्त एक पिढी मागची, म्हणजे एलटीओ-७ ची टेप वाचते. ड्राइव्ह बदलताना त्याहून जुन्या टेपवरील डेटा आधी नव्या टेपवर घ्यावा लागतो.

मुदत संपलेला अर्काइव्ह तसाच पडू देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की उद्देश संपला आणि दुसऱ्या कायद्याने राखणे बंधनकारक नसले, तर वैयक्तिक माहिती पुसली जावी. दर जानेवारीत नवे वर्ष अर्काइव्हमध्ये जाते, त्याच वेळी मुदत भरलेल्या वर्षाची यादी लेखा विभागापुढे ठेवावी, नोटीस किंवा दावा बाकी नसल्याचे लेखी घ्यावे, सर्व प्रती व किल्ली नष्ट करावी आणि कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेला, कोणत्या चेकसमची फाइल पुसली हे नोंदवहीत लिहावे.