जिताड्याच्या पिल्लांना कोरड्या खाद्याची सवय लावताना

चेन्नईच्या ‘सिबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनावर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1997 साली जिताडा या खाडीतल्या माशाचे बंदिस्त प्रजनन साधल्यापासून मत्स्यबीज केंद्रांतून त्याचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, मिळू लागले. पण नवी मुंबईतल्या ऐरोली किंवा दिवाळे गावाच्या खाडीकाठी ते टाकीत वाढवणाऱ्याची खरी कसोटी लागते ती पिल्लांना आर्टेमियावरून, म्हणजे कोळंबीसारख्या सूक्ष्म जिवंत जीवांवरून, कोरड्या खाद्यावर आणताना.

हा बदल घाईने करू नये. जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत पिल्लाचे जठर पुरते तयार झालेले नसते, त्यामुळे कोरड्या खाद्यातील प्रथिने त्याला नीट पचत नाहीत. पिल्ले सुमारे 1 सेंटिमीटरची झाली, म्हणजे बहुधा विसाव्या दिवसाच्या आसपास, की सुरुवात करावी; मात्र दिवस मोजण्यापेक्षा पिल्लांचा आकार पाहणे अधिक भरवशाचे आहे.

पहिले खाद्य 200 ते 400 मायक्रॉन (0.2 ते 0.4 मिलिमीटर) आकाराचे आणि सुमारे 50 टक्के प्रथिनांचे असावे. सकाळी पिल्ले भुकेली असताना आधी हेच खाद्य चिमूटचिमूट, हवेच्या बुडबुड्यांजवळ टाकावे, म्हणजे कण काही काळ पाण्यात तरंगत राहतात आणि हलणाऱ्या भक्ष्यासारखे दिसतात. तळाशी बसलेल्या कणाकडे जिताडा सहसा फिरकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आर्टेमिया द्यावे, आणि पाच ते सात दिवसांत त्याचे प्रमाण रोज थोडे थोडे कमी करत न्यावे.

पिल्लांनी खाद्य खरोखर घेतले की नाही, हे पोट पाहून कळते. पांढऱ्या वाडग्यात थोडी पिल्ले घेऊन उजेडात धरावीत: आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचे पोट नारिंगी दिसते, तर कोरडे खाद्य खाल्लेल्याचे तपकिरी. बहुतेक पोटे नारिंगी किंवा रिकामी असतील, तर त्या दिवशी आर्टेमिया आणखी कमी करू नये. उपाशी ठेवून सवय लागते हा समज माझ्या मते घातक आहे, कारण उपाशी जिताडा आपल्याच भावंडांवर तुटून पडतो.

खाण्यात मागे पडलेली पिल्ले लहान राहतात, आणि मोठे पिल्लू स्वतःच्या अर्ध्याहून अधिक लांबीचे पिल्लूही गिळू शकते. म्हणून या काळात दर तीन-चार दिवसांनी जाळीदार चाळणीने, पाण्यातच, हळुवारपणे वर्गवारी करून मोठी पिल्ले वेगळ्या टाकीत हलवावीत. लहानांना मात्र आर्टेमिया आणखी काही दिवस चालू ठेवावे.

न खाल्लेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो, तेव्हा तळ रोज नळीने उपसावा. बदलीसाठी खाडीचे पाणी भरतीला घ्यावे, गाळ बसू द्यावा, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून क्लोरीन पूर्ण उडाल्यावरच वापरावे. पावसाळ्यात खाडीच्या पाण्याचा खारेपणा उतरतो. तो मोजल्याशिवाय नवे पाणी टाकीत सोडू नये.