आमदाराची फाईल कशी बनवायची

एखादं प्रकरण बाहेर आलं की आमचा सोसायटीचा ग्रुप दोन दिवस पेटतो, तिसऱ्या दिवशी परत गुड मॉर्निंगची फुलं सुरू, आणि हे आमदारसाहेबांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहितीय. म्हणून मी एक साधी पुठ्ठ्याची फाईल ठेवलीय, ती कशी बनवायची ते सांगतो.

पहिला कागद प्रतिज्ञापत्र. उमेदवारी अर्जाबरोबर फॉर्म २६ द्यावाच लागतो, त्यात गुन्हे, कर्ज, बायकोच्या नावचं सोनं, मागच्या पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, सगळं. निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं, मायनेता नावाच्या साइटवर वाचायला जरा सोपं. पण एकच वाचून काही कळत नाही, २०१९ चं आणि २०२४ चं शेजारीशेजारी ठेवा आणि थेट जमिनीच्या रकान्यात जा, तिथे गट नंबर, घेतल्याची तारीख आणि तेव्हाची किंमत असते. तो गट नंबर महाभूलेखवर टाकून सातबारा बघा, पैसे लागत नाहीत. नाव भलत्याचंच निघालं तर लगेच बोंबलू नका हां, आधी फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी बघा, मधल्या काळात वाटणी किंवा विक्री झालेली असू शकते. खरंच लपवलेलं निघालं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आता आमदार निधी, माझा आवडता विषय. वर्षाला ५ कोटी. हा पैसा त्याच्या हातात येत नाही, तो कामं सुचवतो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, म्हणून आरटीआय आमदाराच्या ऑफिसात नाही तर जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला टाकायचा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. आणि "काम का झालं नाही" असं अजिबात विचारायचं नाही, त्यावर हमखास एका ओळीचं उत्तर येतं की हा माहितीचा भाग नाही. कागद मागायचा. मी असं लिहिलं होतं: "सन अमुक ते तमुक या काळात आमच्या प्रभागात आमदार निधीतून मंजूर कामांची यादी, प्रशासकीय मान्यतेची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि काम पूर्णत्वाचा दाखला द्यावा." मोजमाप पुस्तिकेची प्रत हाताशी आली की टेप घेऊन जागेवर जायचं. आमच्याकडे ओपन जिमची सहा मशीन कागदावर, मैदानात चार, त्यातल्या एकाला पेडलच नाही.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये, आणि अनुभव सांगतो, बऱ्याचदा अपील केल्यावरच फाईल "सापडते".

सभागृहात काय प्रश्न लावले तेही बघा. क्षुल्लक वाटतं पण प्रश्नाला बाजारभाव असतो हे २००५ मध्ये दिसलंय, छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नासाठी पैसे घेणारे ११ खासदार घरी गेले, दोघं आपल्या जळगाव जिल्ह्यातले, आणि रक्कम १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत, म्हणजे लाजही स्वस्तातच विकली. स्टिंग दाखवलं १२ डिसेंबरला, हकालपट्टी २३ डिसेंबरला. इतक्या झटपट परत काही झाल्याचं मला तरी आठवत नाही. बाकी आता सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या सीता सोरेन निकालानंतर सभागृहातलं मत किंवा भाषण विकलं तर आमदार-खासदारांना विशेषाधिकाराची ढाल मिळत नाही. थेट लाच मागितली असेल तर एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन नंबर १०६४ आहेच.

ग्रुपवर टाकताना कागदाचा फोटो टाका, "चोर" वगैरे लिहू नका, अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्या नावाने येईल, ॲडमिनच्या नाही.

आमदार परत बोलवायची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे खरी संधी निवडणुकीतच. आचारसंहितेत पैसे वाटताना दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. पण मतदारांनी हिशोब केला तरी तो पूर्ण होतोच असं नाही. २०१९ मध्ये उदयनराजे खासदार झाल्यावर काही महिन्यांतच पक्ष बदलून परत उभे राहिले आणि सातारकरांनी पोटनिवडणुकीत त्यांना पाडलं. पुढच्याच वर्षी ते राज्यसभेत, आणि २०२४ ला पुन्हा साताऱ्याचे खासदार.

आमच्या सोसायटीत गेल्या वेळी प्रचाराला आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी हार घालायच्या आधी माझी फाईल पुढे केली, म्हणाल्या, साहेब, दोन मशीन कमी आहेत. साहेबांनी पीएकडे बघितलं, पीएने काकूंचा नंबर लिहून घेतला. फोन अजून आला नाही, मी नवीन अर्ज टाकलाय, उत्तराची मुदत ह्या शुक्रवारी संपते.