सोमवारी सकाळी पोट दुखतं तेव्हा

माझी लेक दुसरीत असताना सोमवारी सकाळी तिचं पोट हमखास दुखायचं. रविवारी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, पण दुखणं खोटं नव्हतं. भीतीने पोट खरंच दुखतं. म्हणून 'नाटकं करू नकोस' हे वाक्य आधी बंद करा. 'भीती वाटतेय ना? मी आहे,' एवढं पुरतं.

शाळा मात्र बुडवू नका. मी दोनदा घरी ठेवलं, तिसऱ्या दिवशी रडणं दुप्पट. टाळलं की भीती वाढते. आम्ही पायऱ्या केल्या: आधी वर्गाच्या दारापर्यंत सोबत, मग जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत. बाईंना सांगून ठेवलं होतं.

श्वासाचा सराव शांत वेळी करा, रडारड सुरू असताना नव्हे. रात्री अंथरुणात ती पोटावर कापडी ससा ठेवायची. श्वास घेताना ससा वर, सोडताना हळूहळू खाली. पुढे रिक्षात दप्तर पोटाशी धरून आपलं आपण करायला लागली.

निरोप लांबवू नका. एक पापा, 'साडेबाराला येते', आणि वळा. ती वेळ पाळाच.

झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलं तर समुपदेशकाकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.