पार्क मालकाने मोबाइल होमचा सौदा अडवला, तर भरपाईची तयारी

कॅलिफोर्नियात मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर) तुमचं, पण खालची जागा पार्क मालकाची, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीच्या मालकाची. त्यामुळे घर तिथेच ठेवून विकायचं तर गिऱ्हाइकाला त्याची मंजुरी लागू शकते. ही मंजुरी त्याच्या मर्जीवर नाही. दिवाणी संहितेच्या कलम ७९८.७४ प्रमाणे नकाराची कारणं मोजकीच आहेत: गिऱ्हाइकाला भाडं परवडणारं नाही, आधीच्या घरमालकांकडचा अनुभव पाहता तो नियम पाळेल असं वाटत नाही, किंवा त्याने अर्जात फसवाफसवी केली. इतर कारणाने नकार दिला, तर त्यातून थेट झालेलं नुकसान मालकाच्या अंगावर येऊ शकतं.

म्हणून तयारी सौदा फिस्कटायच्या आधीच सुरू करा. विक्रीची लेखी सूचना पार्कच्या ऑफिसात द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. गिऱ्हाइकाने अर्ज आणि मागितलेले सगळे कागद कधी दिले, तेही लिहून ठेवा, कारण तिथून कामकाजाच्या १५ दिवसांत पार्कला होकार किंवा कारणासह नकार लेखी द्यावा लागतो. उत्पन्नाचा पुरावा ते मागू शकतात, आयकर विवरणपत्रं मात्र सक्तीने मागता येत नाहीत. मॅनेजर फोनवरच ‘जमणार नाही’ म्हणाला, तर त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे ईमेलने त्याला पाठवा आणि लेखी कारण मागा. सगळ्यात मोलाचा पुरावा गिऱ्हाइकाकडे असतो: सही झालेला करार, एस्क्रोचे (सौदा पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताचे) कागद, कर्जमंजुरी आणि ‘मंजुरी मिळाली असती तर मी घर घेतलं असतं’ असं त्याचं सही केलेलं निवेदन. तो दुसरीकडे घर घेऊन मोकळा व्हायच्या आत हे मिळवा. हा दुवा नसेल तर बाकीची फाइल कितीही जाड असली तरी दावा लंगडा पडतो.

मग हिशेब. समजा सौदा १,८०,००० डॉलरला ठरला होता आणि सहा महिन्यांनी घर १,५५,००० ला गेलं. फरक २५,०००. घर रिकामं असून महिना १,४०० जागाभाडं भरत राहिलात, तर ८,४०० आणखी. विमा, वीज-पाणी यांच्या पावत्याही जोडा. तुम्ही स्वतः तिथेच राहत असाल तर भाड्याच्या आकड्यावर वाद होणार, तो वेगळा मांडा. पुन्हा विकायचा प्रयत्न केल्याचे पुरावे, म्हणजे जाहिराती आणि आलेल्या ऑफर, नक्की जपा. हातावर हात ठेवून बसलात असं दिसलं की भरपाई कापली जाते.

जाणूनबुजून कायदा मोडल्याचं दिसलं, तर न्यायालय प्रत्येक उल्लंघनामागे २,००० डॉलरपर्यंत जादा रक्कम देऊ शकतं. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या न्यायालयात, व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतच मागता येतात, त्यामुळे वरच्यासारखा दावा मोठ्या न्यायालयातच न्यावा लागेल. तिथे हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी भरावी लागते, म्हणून दाव्याआधी भाडेकरारासकट सगळी फाइल मोबाइल होमचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.